वाटीभर विरजण

आटपाट नगराच्या वेशीबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, एक गवळण राहत होती. भिवरा तिचं नाव. घरात ती आणि दावणीला कपिला गाय. सोमवारचा उपास धरावा, महादेवाला दुधाची धार घालावी, आणि दारी आलेल्याला ताक पाजल्याशिवाय पाठवू नये, असा तिचा नेम.

त्या राज्यात गुरं चारायची तर चराई नावाचा कर द्यावा लागे. पण राजाच्या कायद्यात एक गोड कलम होतं: जो कोणी उजाड टेकडीवर गवत पेरील, झाडं लावील, त्याला त्या झाडांची सावली गुरांवर पडेपर्यंत चराई माफ. ते ऐकून भिवरानं महादेवापुढं पाणी सोडून संकल्प केला आणि घरामागची बोडकी टेकडी हाती घेतली. डोक्यावर हंडे वाहून वाहून डोक्याचे केस विरळ झाले, पण टेकडी हिरवी झाली. करंजाची रोपं तिच्या छातीला लागली. तिचं पाहून शेजारपाजारच्या बायकांनीही आपापल्या टेकड्यांवर खड्डे खणले.

अशात राजाच्या मनात आलं, जुना कायदा फार किचकट झालाय. त्यानं नवा केला. सुटसुटीत, कुणालाही कळेल असा. पाडव्याला गुढीखाली दवंडी पिटली, "आजपासून जुना कायदा रद्द, नवा सुरू!" लोकांनी पेढे वाटले. भिवरानंही वाटले.

पण जे काम जुन्या कायद्यात सुरू होऊन अर्धंच झालंय, त्याचं काय करायचं, हे सांगायचं राजाच्या ध्यानातच राहिलं नाही. ते अंमलदारानं आपल्या मनानं ठरवलं. आणि कसं ठरवलं, ऐका.

दुसऱ्याच दिवशी तो शिपाई घेऊन भिवराच्या अंगणात उभा राहिला. "बाई, चराई काढा."

"मला माफ आहे की, साहेब. सावली कुठं पडलीय अजून?"

"ते जुन्या कायद्यात. जुना कायदा मेला."

"बरं," भिवरा म्हणाली. "मग गेल्या दिवाळीला कपिला आजारी होती, तेव्हाची सरकारला द्यायची कळशीभर तूपपट्टी माझ्याकडं राहिलीय, तीही मेली म्हणायची."

"वा! देणं ते देणं. ते कसं मरेल? तूपही काढा."

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अगं बाई! म्हणजे सासूबाई गेल्या, त्यांचे दागिने गेले, आणि त्यांनी सांगितलेली कामं तेवढी उरली!"

बायका हसल्या. भिवराला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. राजाच्या शब्दावर विसंबून मानेचा काटा ढिला केला, आणि शब्द मध्येच परत? देवाला बोललेला नवस कुणी अर्ध्यात फिरवतं का? शिपाई कपिलेचं दावं सोडू लागला. चराई नाही तर गाय, असा हुकूम होता.

तेवढ्यात राजवाड्याचा आचारी धापा टाकत आला. हातात रिकामी वाटी. "भिवराकाकू, वाटीभर विरजण द्या हो! उद्या नव्या कायद्याची मेजवानी, श्रीखंड करायचंय. घंगाळभर दूध तापवून ठेवलंय आणि लावायला चमचाभर दही नाही."

"राजवाड्यात विरजण नाही? कुठं गेलं?"

आचाऱ्यानं हळूच अंमलदाराकडं पाहिलं. "साहेबांचा हुकूम. नवा कायदा, तर मुदपाकखान्यातही जुनं काही ठेवायचं नाही. विरजणाचं भांडंसुद्धा घासून टाकलं."

शेजारीण म्हणाली, "मग दुधाला दवंडी ऐकवा. लागेल आपोआप!"

अंमलदार लाल झाला. भिवराच्या मनात आलं, द्यावंच नाही. बसू देत श्रीखंडावाचून! पण विरजण मागायला आलेल्याची वाटी दिवसाउजेडी रिकामी पाठवायची नाही, हा तिच्या आईचा नेम. तिनं वाटी भरली, पदराखाली झाकली आणि म्हणाली, "चला. मीच आणून देते." कपिलेला घेऊन शिपाई आणि अंमलदारही राजवाड्याकडं निघाले.

दरबारात आचाऱ्यानं तिला पुढं केलं. राजा तिला ओळखत नव्हता, पण वाटी पाहून हसला. "ये बाई. आमची मेजवानी तू वाचवलीस. काय हवं?"

भिवरा म्हणाली, "महाराज, नवा कायदा चांगला केलात. मलासुद्धा कळला, म्हणजे बघा. पण नवं दूध जुन्या विरजणाशिवाय लागत नाही. आणि विरजण घेताना आंबट तेवढं घेऊ, गोड तेवढं फेकू, असं जमतं का? तुमच्या अंमलदारांनी आमची जुनी देणी ठेवली आणि तुमचं जुनं वचन फेकलं. तुमच्या शब्दावर आम्ही टेकड्या हिरव्या केल्या. रोपं छातीला लागली आणि शब्द मेला, म्हणून तुमचे शिपाई आमच्या गाई सोडून नेतात?"

राजानं अंमलदाराकडं पाहिलं. तो पुटपुटला, "खजिन्याच्या भल्यासाठीच, महाराज."

राजाला लाज वाटली, म्हणून तो घाईनं म्हणाला, "बाई, तुझी चराई माफ. गाय परत. आणि ते जुनं तूपही माफ. झालं?"

झालं असतं. कपिला घरी आली असती, कळशीभर तूप वाचलं असतं. पण भिवरा जागची हलली नाही.

"नको, महाराज. माफी मागायला मी आलेच नाही. तूप माझं देणं आहे, ते मी देणार. तुम्ही जुन्यातलं माझं देणं पुसलंत, तर जुन्यातलं तुमचं वचनही पुसता येईल. आणि मला एकटीला दिलंत, तर माझ्या शेजारणींनी कुणाकडं बघायचं?"

राजानं त्या वाटीकडं पाहिलं. मग सिंहासनावरून उठला. "दवंडी पुन्हा पिटा. जुन्यात जे सुरू झालं, ते जुन्याच बोलीनं पुरं होईल. प्रजेचं देणं असो की राजाचं वचन असो. नवा कायदा नव्यापुरता. आणि अंमलदार, ज्याच्या त्याच्या गाई तुम्ही स्वतः नेऊन बांधायच्या."

संध्याकाळी अंमलदार कपिलेला ओढत आला. खरं म्हणजे कपिलाच त्याला ओढत आली. अंगणात शिरताच तिनं त्याच्या पायावर पाय दिला. भिवरानं हसू दाबलं, त्याला पेलाभर ताक दिलं, आणि घरातून तुपानं भरलेली कळशी आणून त्याच्यापुढं ठेवली.

अंमलदारानं एकदा कळशीकडं पाहिलं, एकदा टेकडीवरच्या रोपांकडं. ताक पिऊन झाल्यावर त्यानं पायताणं बाजूला काढली, पाण्याचा हंडा उचलला, आणि टेकडी चढू लागला.

तात्पर्य: कायदा खुशाल बदलावा, पण दिलेला शब्द मध्येच बदलू नये; जो जुनी देणी मागतो, त्यानं जुनी वचनंही पाळावीत.