कोंबड्याखालचा बाक

द्राक्षांच्या एका गावात बेदाण्याचे एक व्यापारी राहत होते, आबासाहेब शिंगटे. माणूस कष्टाळू, पण स्वभावाने धास्तावलेला. रॅकवर बेदाणा वाळत असला की ते गड्यांना एकच गोष्ट बजावत, "सारखा हात लावू नका रं. बघण्यातच माल जातो." हे सांगायचं दुसऱ्यांना, स्वतःला नाही. ही खोड आपल्या सगळ्यांतच असते.

एका वर्षी आबासाहेब पत्नी इंदूबाईंना घेऊन यात्रा कंपनीबरोबर युरोपात गेले. परदेशात चालणारं सिमकार्ड त्यांनी एकाच फोनला घेतलं होतं. हॉटेलचं नाव, रस्ते, परकी भाषा, सगळं त्या फोनमध्ये. कंपनीच्या ताईने निघतानाच सांगितलं होतं, "काका, फोन दिवसभर पुरवायचा असेल तर स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, इंटरनेट लागेल तेव्हाच चालू करा आणि फोन खिशात राहू द्या. उगाच काढून बघू नका."

पहिल्या दोन गोष्टी आबासाहेबांनी ऐकल्या. तिसरी त्यांच्या जिवाला झेपणारी नव्हती.

एका दुपारी मोकळा वेळ होता म्हणून दोघं जुन्या बाजारात फिरायला गेली. फिरता फिरता इंदूबाईंचे गुडघे दुखायला लागले. एका चौकात बाक होता, त्यावर त्या टेकल्या. त्यांना साखरेचा त्रास होता. वेळेवर पोटात काही गेलं नाही की घेरी यायची. "तू इथंच बस, मी काहीतरी खायला आणतो," आबासाहेब म्हणाले. चौक त्यांनी बघितलाच नाही. फोनमधल्या नकाशावर खूण केली आणि मान खाली घालून निघाले.

"अहो, ते बघा की, वर चौकातल्या घड्याळावर कोंबडा बसवलाय," इंदूबाई मागून म्हणाल्या.

"हं," आबासाहेब म्हणाले.

पाव मिळाला, केळी मिळाली. परत फिरताना त्यांनी फोन काढला तर बॅटरी अर्ध्याच्या खाली गेलेली. त्यांनी फोन खिशात ठेवला. थोडं चालल्यावर वाटलं, आणखी उतरली असेल का? फोन काढून बघितला. उतरली होती. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. दर वेळी स्क्रीन उजळायची, नकाशा नव्याने उघडायचा आणि थंडीने आधीच गारठलेली बॅटरी आणखी खाली जायची. ती खाली गेली की भीती वाढायची आणि भीती वाढली की हात खिशात जायचा. आकडा लाल झाला तेव्हा आबासाहेब नकाशासुद्धा बघत नव्हते. पाय नेतील तिकडे चालत होते आणि फक्त तो आकडा बघत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत फोन बंद पडला.

त्यांनी मान वर केली. चहूकडे गल्ल्या, सगळ्या सारख्या. आपण कुठल्या गल्लीतून आलो ते त्यांना आठवेना. हॉटेलचं नावही आठवेना. एव्हाना संध्याकाळ झाली होती, दुकानं बंद व्हायला लागली होती. एका दुकानदाराला त्यांनी बंद फोन दाखवला. तो काहीतरी बोलला आणि शटर ओढून निघून गेला. इंदूबाई हलणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'इथंच बस' म्हटल्यावर ती बाई तिथंच बसणार, घेरी आली तरी तिथंच. हातातल्या केळ्यांकडे बघून त्यांना रडू आलं.

फोनमध्ये नाही असं आपल्याजवळ काय उरलंय, हे ते आठवू लागले. डोक्याला खूप ताण दिल्यावर एकच गोष्ट सापडली. कोंबडा.

समोरून एक म्हातारी पिशवी घेऊन चालली होती. कोंबड्याला तिच्या भाषेत काय म्हणतात, देव जाणे. गावात ज्यांना बघून माणसं उठून उभी राहत, ते आबासाहेब शिंगटे भर रस्त्यात थांबले, दोन्ही कोपरं हलवली आणि आरवले, "कुकूच कू." म्हातारी घाबरून मागे सरली. त्यांनी मनगटावर बोट ठेवून घड्याळ दाखवलं, मग बोट वर केलं आणि पुन्हा आरवले. आवाज फाटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हातारीला घड्याळावरचा कोंबडा उमगला. मग तिने त्यांची बाही धरली आणि त्यांना चालवत नेलं.

चौक लांब नव्हताच. एक वळण तेवढं चुकलं होतं. घड्याळावर कोंबडा होता आणि खाली इंदूबाई बाकाची कड घट्ट धरून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. आबासाहेबांनी केळं सोलून त्यांच्या हातात दिलं.

दोन घास पोटात गेल्यावर इंदूबाईंनी विचारलं, "फोन संपला?"

"संपला," आबासाहेब म्हणाले. "बघण्यातच गेला."

इंदूबाईंनी ते वाक्य ओळखलं. त्यांनी उरलेलं अर्धं केळं नवऱ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या. लाल दाराच्या चर्चमागं आपलं हॉटेल आहे, मी येताना बघून ठेवलंय. आता मान वर करून चला."

तात्पर्य: जे दिवसभर पुरवायचं आहे ते भीतीपोटी सारखं चाचपू नये, चाचपण्यातच ते संपतं, आणि परमुलखात वाट आधी आपल्या डोळ्यांनी बघून ठेवावी.