पांढरीची पाटी

माळखेलात नवा आलेला माणूस आधी भिंतीलाच नावं ठेवतो. ठेवणारच की! बाहेरून घराला सिमेंट, आत गुळगुळीत रंग, छताला पंखा, आणि पुढच्या खोलीतली एक भिंत मात्र उघड्या मातीची. शिवाय तिच्यावर कमरेच्या उंचीला हातांचे ठसे. थोरांचे, पोरांचे, काही नुसतेच बोटांचे फराटे. गावात एकूण एक घरात हे असंच आहे. दवाखान्याच्या नर्सबाई राहतात त्या क्वार्टरमध्येसुद्धा.

शिदूतात्या आता ऐंशीच्या पुढं गेलेत. त्यांना हे सांगून सांगून कंटाळा आलाय. कुणी जुनं घर विकत घेतलं, रंगारी आणून भिंती ठोकून बघायला लागलं, की गावकरी त्याला तात्यांकडं धाडतात. तात्या तांब्याभर पाणी पितात, पाय लांब करतात आणि म्हणतात, "ठोकू नका हो लगेच. आधी बसा, ऐका, मग काय ठोकायचं ते ठोका." त्यापुढं ते जे सांगतात ते असं.

फार वर्षं झाली म्हणे. किती ते विचारायचं नाही, तात्यांच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. वेशीलगतच्या घरात दौलती आणि त्याची बायको सारजा राहत. घर त्यांचं बापजाद्यांचं नव्हे. आधी तिथं कोष्ट्याचं बिऱ्हाड होतं. दुष्काळात हातमाग तसाच टाकून ते गाव सोडून गेलं. मग तेल्याचं आलं. त्यांच्यातली शेवटची म्हातारी सोनाई तिथं एकटीच राहिली आणि एकटीच गेली. त्यानंतर घर दौलतीकडं आलं.

सारजेला या मागल्या माणसांचं कधी वावगं वाटलं नाही. कोष्टिणीनं ठोकलेल्या खुंटीला ती आपलं लुगडं अडकवायची, सोनाईनं केलेल्या कोनाड्यात दिवा लावायची. कधी एकटी असली तर "आत्याबाई, जरा सरका, दिवा लावते" असंही म्हणायची म्हणतात. बाई तशी बोलकी होती तेव्हा.

तिला दोन लेकरं. रंगू सहा वर्षांची आणि म्हादा तीनचा. रंगूची उजव्या हाताची करंगळी जात्यात सापडून वाकडी झालेली. दिवाळीच्या तोंडावर सारजा चुलीकडची भिंत लिंपायला घ्यायची, की ही पोर हट्टानं मध्ये घुसणार, ओल्या मातीवर हात दाबणार आणि पळणार. सारजा ओरडायची खूप. पण ठसा पुसायची नाही.

एका उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. पंधरा दिवसांत दोन्ही लेकरं गेली.

दौलती रडला नाही. लोकांना वाटलं, घट्ट काळजाचा आहे. तो सकाळी शेतावर जायचा, दिवेलागणीला यायचा आणि भिंतीकडं पाठ करून जेवायचा. वर्ष असंच गेलं. मग सारजेला पुन्हा दिवस गेले आणि एक दिवस तो ताटावरून उठून म्हणाला, "ह्या घराला मानूस सोसत न्हाई. कोष्टी गेला, तेल्याचा वंश बुडाला, आपली लेकरं गेली. आता येणाऱ्या लेकराला ह्या भिंती दिसता कामा न्हाईत. समदं पाडायचं आनि नवं बांधायचं."

सारजा म्हणाली, "चुलीकडची तेवढी राहू द्या."

"का? काय ठेवलंय तिच्यात?"

सांगायला हवं होतं तिनं. पण बाईमाणूस थकून गेलं होतं. सहावा महिना, पाण्याच्या खेपा, आणि वर्षभर आत कोंडलेलं दुःख. ते सगळं उकलून सांगायचं तर बसून रडावं लागलं असतं, आणि एकदा बसली असती तर उठायची ताकद उरली नसती. ती म्हणाली, "काही न्हाई." दौलतीनं पहिली पहार त्याच भिंतीला घातली.

आता इथं गावची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जिथं पिकं घेतात ती काळी, जिथं गाव वसतं ती पांढर. घर पडलं की त्याचीच माती पुन्हा भिजवायची, भुसा घालून तुडवायची आणि त्याच भिंतीला लावायची. म्हणजे एका भिंतीत किती पिढ्यांची माती असते ते देवालाच माहीत. दौलतीला नेमकी तीच नको होती. मागल्यांचं सगळं दुर्दैव त्या मातीत मुरलंय असं त्यानं मनाशी घेतलं. ढेकूळ न् ढेकूळ त्यानं ओढ्याकाठी नेऊन फेकलं आणि स्वतःच्या शेतातली काळी माती गाड्या भरून आणली.

निंबा गवंडी तेव्हा म्हातारा झाला होता. गुडघे गेलेले, पाठ वाकलेली. हे शेवटचं माळवद घालायचं आणि थापी खाली ठेवायची, असं त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं. ती काळी माती बघून त्यानं कपाळाला हात लावला. "दौलती, ही पिकाची माती हाय. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात फाटती. हिला एका जागी बसायचं ठाऊक न्हाई."

"माझ्या शेतातली हाय. हिच्यात दुसऱ्या कुनाचं काही न्हाई," दौलती म्हणाला. निंबानं वाद घातला नाही. त्यालाही कंटाळाच आला होता.

परड्यात छप्पर टाकून नवराबायको राहू लागली. सारजा पोट सांभाळत भिंतीच्या मातीचा गारा तुडवायची. गुडघाभर चिखलातून पाय उपसायचा, पुन्हा रोवायचा, पुन्हा उपसायचा. पहिली भिंत छातीएवढी झाली आणि वाळता वाळता बोट जाईल एवढ्या भेगा पडून आडवी झाली. दुसरी डोक्याएवढी होऊन पडली. तिसरी पडली तेव्हा कुणाला दचकायचंही त्राण नव्हतं. निंबा पडलेल्या मातीकडं बघत नुसता उभा राहिला. सारजेनं न बोलता पुन्हा पाणी ओतलं आणि पाय घातला. तिला आठवा सरून नववा लागला होता.

चौथ्या भिंतीआधी दौलतीनं देवऋषी आणला. देवऋष्यानं अंगात आणलं, लिंबू कापलं, घुमला आणि म्हणाला, "भित मानूस मागतीय. जेच्या हातची भित, तेच मानूस."

परड्यात माणसं जमली होती. सगळ्यांनी निंबाकडं बघितलं. निंबानं डोक्याचं मुंडासं सोडलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "घाला मला. पन्नास वर्षं लोकांच्या भिती उभ्या करतोय, कुनी बस म्हनालं न्हाई. भितीत का हुईना, टेकून बसाय तर मिळंल."

हसावं की काय करावं कुणाला कळेना. निंबा पुढं म्हणाला, "पर एक ऐका. मला काळ्यात कोंडू नका. जल्मभर पांढरीत हात घातलाय, पांढरच लावा मला."

दौलतीनं मान हलवली. हो म्हणाला तो! दुष्ट नव्हता, पण येणाऱ्या लेकरासाठी त्या घडीला त्यानं कुणालाही गाडलं असतं. सारजेनं नवऱ्याची ती हललेली मान बघितली. चिखलातून पाय काढला, रिकामी पाटी उचलली आणि कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं बोलली, "पांढरच पायजे न्हवं? आनते. मी येस्तोवर म्हाताऱ्याला हात लावाल तर माझी आन हाय."

ओढ्याकाठी जाऊन बघते तर ढेकळं नव्हतीच. मुरलेली माती कोण वाया घालवतं? गावातल्या बायकांनी केव्हाच वेचून नेली होती. कुणी चूल घातली, कुणी ओटा सारवला, कुणी कणगी लिंपली. तेव्हा सारजा दारोदार निघाली. नववा महिना, डोक्यावर पाटी, पायाला वाळलेला चिखल. दारात उभी राहून एवढंच म्हणायची, "आमच्या घरातली माती असंल तर वंजळभर द्या."

आणि बायकांनी दिली. घातलेल्या चुलीचा कान फोडून दिली, सारवलेला ओटा खणून दिली. देताना जिला जे आठवलं ते तिनं सांगितलं. एकीनं सांगितलं, कोष्टीण गाव सोडून चालली त्या दिवशीसुद्धा घर झाडून गेली. दुसरी म्हणाली, सोनाईच्या दारातनं कुणी लेकरू तोंड गोड केल्याबिगर माघारी गेलं नाही. या भिंतींनी माणसं खाल्ली असं कुणीच म्हणालं नाही. सारजा ऐकत होती, पाटी भरत होती, आणि दर दाराला तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. एवढी थकलेली बाई, पण त्या दिवशी ती बसली नाही.

शेवटचं घर कोंडाबाईचं. कोंडाबाई आत गेली आणि देवाच्या फळीवरून फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. "चुलीसाठी आनली हुती गं," ती म्हणाली, "पर हात दिसला त्यावर. मग घालवंना." फडक्यात लिंपणाचा एक तुकडा होता, भाकरीएवढा. सारजेनं तो पाटीत ठेवला नाही. पदरात घेतला.

ती परतली तेव्हा निंबा जुन्या पायाच्या दगडाला पाठ टेकून बसला होता. मागोमाग बायकांनीही घरची उरलेली पांढर पाट्या भरून आणली. ती सगळी भिजवली, तुडवली. दौलती खाली मान घालून म्हाताऱ्याभोवती थर रचू लागला. पहिला थर झाला, दुसरा झाला. निंबाच्या गुडघ्याला माती लागली. तेव्हा सारजा पुढं झाली, पदरातला तुकडा नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हेबी घाला. भितीत काय ठेवलंय म्हनून इचारलं हुतं न्हवं तुमी?"

दौलतीनं तो तुकडा उलटा केला. चार बोटं सरळ, करंगळी वाकडी.

तो तिथंच चिखलात मटकन बसला. "रंगे!" एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. इतक्या दिवसांचं सगळं त्या दिवशी बाहेर आलं. "मी हिला ओढ्यात टाकली. सारजे, माझ्या हातानं टाकली गं!" सारजा त्याच्याजवळ खाली बसली आणि मग दोघं मिळून रडली. गावही रडलं म्हणतात. देवऋषी कधी निघून गेला कुणाला कळलं नाही.

बऱ्याच वेळानं दौलती उठला, निंबाचे पाय मातीतून मोकळे केले आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, उठा. चूक झाली."

"उठतो की," निंबा डोळे मिटूनच म्हणाला. "पर आता बसलोय तर बसू दे घटकाभर. तुमीच घाला भित. मी सांगतो तसं."

मग सगळ्या गावानं भिंत घातली. निंबा बसल्या जागेवरून "वलं ठेव", "दाब अजून", "अरं, ती रेघ हाय का सापाची वाट" असं बोलत राहिला. ज्यांनी माती दिली त्या बायकांनी शेवटच्या लिंपणावर आपापला हात उमटवला. रंगूचा तुकडा सारजेनं स्वतः बसवला, सहा वर्षांच्या पोरीचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर. ती भिंत पडली नाही. नवव्या दिवशी तिच्याच आडोशाला सारजा बाळंत झाली.

शाळेचे मास्तर म्हणतात, यात नवल काही नाही, काळी माती फुगतेच. गावातली म्हातारी माणसं म्हणतात, मागल्या कुळांनी हात दिला. तात्यांना विचारलं तर ते म्हणतात, "मास्तरांच्याही घरात ती भिंत हाय, जाऊन बघा."

तेव्हापासून माळखेलात घराचं काम काढायचं तर पहिली पहार पडण्याआधी घरची बाई रिकामी पाटी घेऊन निघते. त्या घरात आधी कोण राहत होतं ते विचारत फिरते, वंजळभर माती आणि सोबत जे सांगतील ते घेऊन येते. एक भिंत ती माती कालवून घालतात. ती घालायच्या दिवशी गवंडी कामाला हात लावत नाही. त्याला पाटावर बसवतात, पाठीला लोड देतात, आधी जेवू घालतात, आणि तो बसून नुसता सांगतो. सिमेंट आलं, टाइल्स आल्या, तरी हे मोडलेलं नाही.

एवढं सांगून तात्या दमतात आणि पुन्हा पाणी पितात. या खेपेला तात्यांनाच घरी बोलावून आणलंय. समोर बसलेल्या नवराबायकोनं पुण्याहून येऊन हेच वेशीलगतचं घर घेतलंय. बाहेर त्यांचा रंगारी पुट्टीची पिशवी फोडून ताटकळत उभा. बाई उठते, भिंतीजवळ जाते आणि कमरेच्या खाली बराच वेळ बघत राहते. तिथं, आजूबाजूला दर दिवाळीला नवं लिंपण चढून चढून खोलगट झालेल्या जागी, एक लहान हात आजही आहे. चार बोटं सरळ, करंगळी वाकडी.

ती नवऱ्याकडं वळत नाही. तात्यांनाच विचारते, "पाटी कुणाकडं मिळेल?"