भिंतीत अडकलेला बुटू

माळावर एक दगडी घर होतं. जुनं, काळं. शेजारी गोठा. मागे घाण्याची खोली. पुढे विहीर. सगळीकडे धुकं, धुकं, धुकं.

घरात चिमी उंदरी राहायची. तिचा धाकटा भाऊ बुटू.

एका सकाळी बुटू भिंतीच्या फटीत शिरला. दगड सरकला. खर्रर्र. फट बंद.

आतून आवाज आला, "ताई, काळोख आहे."

चिमी म्हणाली, "भिंतबाई, भिंतबाई, बुटूला सोडा."

भिंत घुमली, "घूंऽऽ. दार आपटलं, तर हलेन. हलले, तर सोडेन."

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दारोबा, दारोबा, जोरात आपटा.
भिंत सोडेना,
बुटू आत रडतो."

दार म्हणालं, "कर्रर्र. बिजागरी गंजली. घाणा तेल देईल, तर आपटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"घाणोबा, घाणोबा, तेल द्या.
दार आपटेना,
भिंत सोडेना,
बुटू आत रडतो."

खोलीत कुणीच नव्हतं. तरी घाणा बोलला, "कुईंऽऽ. बैल फिरवील, तर देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बैलोबा, बैलोबा, घाणा फिरवा.
घाणा तेल देईना,
दार आपटेना,
भिंत सोडेना,
बुटू आत रडतो."

गोठ्याच्या अंधारात दोन डोळे चमकले. बैल म्हणाला, "हुंऽऽ. तहान लागलीय. विहिरीवरची बाई पाणी पाजेल, तर फिरवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

विहिरीवर एक बाई बसली होती. धुक्यासारखी करडी. दगडासारखी गप्प.

"बाई, बाई, पाणी पाजा.
बैल फिरवीना,
घाणा तेल देईना,
दार आपटेना,
भिंत सोडेना,
बुटू आत रडतो."

बाई हलली नाही. हळूच म्हणाली, "घरातले सगळे गेले. मी एकटी उरले. फार दिवस झाले, मला कुणी नावानं हाक मारली नाही. हाक मार, तर उठेन."

चिमी दोन पावलं मागे सरली. पळून जावंसं वाटलं. पण घरातून बारीक आवाज आला. अगदी बारीक. "ताई..."

चिमी थांबली. "तुमचं नाव काय?"

"कोंडाबाई."

चिमीनं छाती भरून श्वास घेतला. "कोंडाबाईऽऽऽ!"

"ओऽऽ," बाई म्हणाली. आणि उठली.

बाईनं पाणी शेंदलं. खळखळ.
बैल प्यायला. घटाघट.
घाणा फिरला. कुईं कुईं.
तेल आलं. टपटप.
बाईनं बिजागरीला तेल लावलं.
दार आपटलं. धाडकन.
भिंत हलली. दगड सरकला.

बुटू बाहेर आला. अंगभर माती. चिमीनं त्याला घट्ट धरलं. कोंडाबाईनं पदरातली भाकरी मोडली. दोघांना एकेक तुकडा दिला.

बुटू खाता खाता म्हणाला, "ताई, आत कुणीतरी होतं. माझ्याजवळ बसलं होतं. म्हणालं, भिऊ नकोस."

"कोण होतं?"

"दिसलं नाही. पण हात उबदार होता."

कोंडाबाई भिंतीला हात लावून म्हणाली, "म्हणजे मी एकटी उरले नाही."

फट उघडली, साखळी सुटली, आपली गोष्ट इथे मिटली.