मुंगसाची मुळी

सशांना अजून पळणं माहीत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एकदा मुंगसाने माळावर नागाला लोळवलं, फस्त केलं आणि मग झुडपाखाली जाऊन एक मुळी चघळली. झालं! टिटवीने माळभर ओरडून सांगितलं, “औषध सापडलं! मुळी खा, विष बाधत नाही!”

सशांची नुसती झुंबड उडाली. मुळ्या उकरल्या, पिलांना चाटवल्या. एक तरणा ससा तर मूठभर मुळ्या खाऊन थेट नागिणीच्या वारुळावर जाऊन बसला. “ये, चाव बघू!”

नागीण फणा काढून बाहेर आली. तेवढ्यात मुंगूस बाणासारखं धावलं आणि त्याने सशाला बाजूला ढकललं. नागिणीचे दात मातीत रुतले.

“मुंगूसदादा, मी मुळी खाल्लीय ना!” ससा चिडला.

“अरे वेड्या, नाग पचायला जड. पोट दुखतं म्हणून खातो मी ती. पोटाला गुणाची आहे.”

“मग विषावर काय घेतोस?”

“काही नाही. मी चावूच देत नाही!”

नागिणीने पुन्हा फणा उभारला. ससा जो पळत सुटला, तो अजून पळतोच आहे.

टिटवीही अजून ओरडतेच आहे.