मोरपीस आणि भोकाचं तिकीट

एसटीचा कंडक्टर तिकिटाला टकटक भोकं पाडायचा, त्या काळातली ही गोष्ट. दळण होईपर्यंत केरूनाना गिरणीवाले एक जाडजूड कादंबरी वाचत. पिल्लं व्हावीत म्हणून त्यांच्या नातीने चाळिसाव्या पानात मोरपीस ठेवलं होतं. खुणेला मात्र एसटीचं जुनं तिकीट होतं.

मोरपिसाचा जळफळाट व्हायचा. "एवढं रूप माझं, अन् मी एकाच पानात! हे पिठाळलेलं चिटोरं मात्र रोज पुढं चाललंय."

एकदा संधी साधून त्याने उडी मारली, तिकिटाला पार शेवटच्या पानात ढकललं आणि त्याच्या जागी ऐटीत पसरलं.

नानांनी पुस्तक उघडलं. "वा, काय रंग आहे!" म्हणत ते पिसावरून बोट फिरवत बसले.

दळणाला आलेल्या जैतूनबीनं विचारलं, "नाना, पिल्लं झाली का हो?"

"अजून नाही गं. पण बघ, डोळा कसा चमकतोय!"

पीठ झालं, गिरणी थांबली, पुस्तक मिटलं. रोज हेच. मोरपीस फुशारलं.

पण त्या पानावर नायकाची होडी भोवऱ्यात सापडली होती. पंधरा दिवस झाले तरी ती तिथंच गरगरत होती, आणि तेवढ्याच चार ओळी वाचून पिसालाच घेरी आली.

शेवटी ते हळूच म्हणालं, "ए तिकिटा, ये बाबा इकडे. मी जातो चाळिसाव्या पानात. तेवढा माणूस काठाला लागला की मला सांग."