कर्बराजाचे चार जावई आणि रखमाजीची मिशी

"चारही जावई ताटावरून उठले! तेही ऐन धोंड्याच्या महिन्यात!"

वर्दी आली आणि कर्बराजाला घाम फुटला. हा राजा म्हणजे कार्बनचा अणू. राज्य इतकं चिमुकलं, की गोबरगॅसच्या एका फुसकाऱ्यात असली करोडो राज्यं निघून जातात. पण सासरेपण केवढं! चार लेकी, चार जावई, म्हणजे इलेक्ट्रॉनांची चार जोडपी, आणि प्रत्येकाच्या कडेवर हायड्रोजन नावाचं एकेक रडकं पोर. चौघांनाही सासरा सोडवत नव्हता आणि एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं.

रांगेत बसवावं, तर मधले दोघे चेंगरायचे. चौकोनात बसवावं, तर थोरला ओरडायचा, "समोरचा लांब आहे, ठीक! पण हे शेजारचे दोघे माझ्या अनारशांवर शिंकतात!"

राजानं पानं मांडणाऱ्या रखमाजीला बोलावलं. "उद्या पंगत अशी मांड, की चारही जोडपी माझ्यापासून सारखीच लांब, आणि एकमेकांपासून होता होईल तेवढी लांब! तेही सगळी सारखी! नाही जमलं, तर तुझी मिशी भादरीन!"

रखमाजी मटकन बसला. आयुष्यभर तेलपाणी करून वाढवलेली ती मिशी! दोन्ही टोकं गालांवरून झोकात खाली उतरलेली. (अणूच्या राज्यात मिशी कुठून आली, असं मध्येच विचारू नका. गोष्ट मी सांगतोय.)

बिचाऱ्यानं दिवसभर पाट इकडचे तिकडे केले. शेवटी त्याची लेक ठकू म्हणाली, "बाबा, सगळे पाट जमिनीवरच का हो?"

"मग काय आढ्याला टांगू?"

"टांगा की!"

दुसऱ्या दिवशी राजा आला आणि बघतच राहिला. मधोमध त्याचा उंच चौरंग. खाली तीन दिशांना तीन जोडपी. आणि चौथं जोडपं राजाच्या बरोबर डोक्यावर, झोपाळ्यात!

धाकटे जावई वरून किंचाळले, "मीच का टांगलेला?"

"जावईबापू, खाली बघा," ठकू म्हणाली. "तिघेही सारखेच लांब ना? त्या तिघांनाही बाकीचे तसेच दिसतात. अख्खा राजवाडा उलटा केला, तरी पंगत हीच!"

ठकूनं एक दोरी घेतली. ह्या पाटापासून त्या पाटापर्यंत, पाटापासून झोपाळ्यापर्यंत, कुठूनही धरा, तेवढीच भरली! शिंकसुद्धा कुणापर्यंत पोचेना. जावई जेवायला लागले आणि रखमाजीचा हात हळूच मिशीकडे गेला.

तेवढ्यात शेजारचा नत्रराजा फिस्कारला. गोठ्यात नाकाला झोंबतो ना, त्या अमोनियातला हा राजा. "ह्यात काय मोठंसं! माझ्याकडेही चार जोडपी. पण पोरं तिघांच्याच कडेवर. धाकट्यांचं लग्न परवाच झालंय. ढकलाढकली करून बसलीत सगळी. न बघता सांग पोरी, कशी?"

"चुकलीस, तर मिशी गेली!" कर्बराजा म्हणाला. रखमाजीचा हात मिशीवरच गोठला.

"धाकटी वर," ठकू म्हणाली. "पण त्यांच्या कडेवर ओढणारं पोर नाही. म्हणजे सासऱ्याला चिकटून ऐसपैस पसरणार! खालच्या तिघांना दाबणार, ते आणखी जवळ जवळ सरकणार. जोडपी ओळखायची ती कडेवरच्या पोरावरून, म्हणून नवं जोडपं काही दिसायचं नाही. लांबून बघाल, तर नुसती तिवई!"

नत्रराजाचा आ वासला. "तिवईच! अगदी तश्शीच!"

पानं मांडणाऱ्याची पोर राजांनाच शिकवते, हे कर्बराजाला काही सोसेना. "बरं, पाण्यातला ऑक्सिजनराजा घे! त्याची तर दोन जोडपी नवी, आणि दोघांच्याच कडेवर पोर. आता सांग! थापा नकोत, आकार दाखव!"

रखमाजीनं डोळे मिटले. ठकूनं बापाचं तोंड धरून राजाकडे वळवलं.

"हा घ्या, महाराज! मधे नाक, तो राजा. नवी दोन्ही जोडपी वर पसरलेली, दिसत नाहीत. आणि पोरंवाली दोघं बिचारी दोन्हीकडे अशी खाली वाकलेली! आता खुशाल भादरा मिशी. पण मग पाण्याचा आकार बघायला कुणाकडे जाल?"

राजा असा खो खो हसला, की चौरंग हलला, झोपाळा गरगरला आणि धाकटे जावई ताटासकट नत्रराजाच्या मांडीवर पडले! ठकूला त्यानं गळ्यातला हार दिला, आणि रखमाजीच्या मिशीला लावायला रोज वाटीभर साजूक तूप.