भुऱ्याच्या तीन वाटा

मातीची भांडी बोलत असत, त्या काळी भुऱ्या गाढव कुंभाराचा माल वाहायचं. दोन कच्च्या घागरींना ते म्हणालं, “तुम्हाला दोन-दोन फेऱ्या मिळतील. दोनदा भट्टी, दोनदा नदी, नाहीतर एकेकदा दोन्ही. वाटा तीनच.”

“आधी भट्टी की आधी नदी?” धाकटीने विचारलं.

“काय फरक पडतो? बेरीज तीच!”

थोरली भट्टीत भाजून निघाली, मग नदीवरून भरून आली. धाकटीला नदीची ओढ होती. ती आधी पाण्यात उतरली आणि विरघळली.

भुऱ्याने उरलेला चिखल भट्टीत नेऊन ठेवला. भट्टी निवली, तरी घागर निघाली नाही.

“दोघींना एकेकदा दोन्ही दिलं,” भुऱ्या गोंधळून म्हणालं. “मग चुकलं कुठे?”

“वाटा चार होत्या, भुऱ्यादादा,” थोरली रडत म्हणाली.